सोन्याची सत्ती

माझ्या चांगल्या फळीला
ओलेगारियोनं दोन खिळे ठोकले, खालून वर.
मी ओरडले. तो म्हणाला, थांब जरा.
खिळ्यांवर बटाटा रोवला
आणि डाव्या हातानं सोलायला बसला.
चोवीस मिनिटं. एक बटाटा.
सालीपेक्षा बटाटाच जास्त गेला बादलीत.
घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत
मी कांदा चिरत राहिले.

एकतीस वर्षं त्याच्या उजव्या हातानं
नदीकाठच्या कारखान्यात हाडावरून मांस उतरवलं,
इतकं नीट, की मागाहून माशीलाही काही मिळू नये.
आता तो हात मांडीवर असतो
न बोलावलेल्या पाहुण्यासारखा:
बोलत नाही, उठतही नाही.

सोप्या कामाला म्हणे
डाव्या हाताचा खेळ म्हणतात.
म्हणणाऱ्यानं एकदा त्या हातानं
गळ्याचं बटण लावून दाखवावं.

पारानाच्या डॉक्टरीणबाईंनी एक पुस्तक दिलं होतं,
गुळगुळीत पानांचं, चित्रांचं.
त्यातल्या एका वाकड्या चमच्यात
आमचा महिन्याचा किराणा आला असता.
ओलेगारियोनं ते चाळलं, प्रत्येक चित्र
नाकाजवळ नेऊन पाहिलं, आणि म्हणाला,
डेल्मिरा, कोंबड्यांच्या खुराड्यामागे
ती मोडकी सायकल आहे का अजून?

सायकलचा आरा वाकवून बटणाचा आकडा झाला,
मूठ मक्याच्या कणसाची.
ब्लीचचा डबा उभा कापून, दोन दोऱ्या बांधून
मोजे चढवायचं घसरगुंडं झालं;
आठवडाभर त्याच्या पावलांना
दवाखान्यातल्या फरशीचा वास.
नातीच्या बाबागाडीत आता थर्मास झोपतो.
हलकेच ढकललं की मान खाली घालून
भोपळ्याच्या पेल्यात पाणी ओततो, येर्बाच्या पाल्यावर.
तीनदा भाजला. चौथ्यांदा हिरवा फेस आला, हवा तसा.
पहिला पेला ओतणाऱ्यानंच प्यायचा, ही आमच्याकडची रीत.
मला वाटलं, आज मला देईल,
इतकी सेवा केली म्हणून.
नाही दिला. स्वतःच प्याला, डोळे मिटून.
किती बरं वाटलं मला.

शुक्रवारी पत्ते. भांडी घासायचा ब्रश
पाठीवर निजवून त्याच्या केसांत तीन पत्ते उभे.
त्रुकोत जोडीदाराला तोंडानंच खूण करायची,
चोरून: ओठ डावीकडे ओढला
की हातात सोन्याची सत्ती.
आणि ओलेगारियोचा ओठ
एप्रिलपासून डावीकडेच ओढलेला.
आन्सेल्मो जोडीदार, तो गोंधळला.
बाउदिलियो समोरचा, तो घाबरला,
दोन डाव न खेळताच पानं टाकून मोकळा झाला.
तिसऱ्या डावाला कुणीतरी हसलं.
मग सगळेच.
ओलेगारियो अर्ध्या तोंडानं हसतो,
पण आवाज पूर्ण येतो.

आता लोक येतात. रुफिनाचा हात थरथरतो,
तिच्या चमच्याला त्यानं शिशाची वजनं बांधली,
मासे धरायच्या दोरीची. सूप आता बरंचसं तोंडात जातं.
बेकरीवाल्याच्या मुलाला दिसत नाही,
त्याच्या डब्यांच्या झाकणांवर खाचा पाडल्या:
एक मिठाला, दोन साखरेला.
(पहिल्या दिवशी उलट्या पाडल्या.
गावानं खारे बिस्किट खाल्ले, कुणी बोललं नाही.)

रात्री कूस बदलायला मात्र
त्याला अजून काही सुचलेलं नाही.
मला कोपरानं ढोसतो.
मी ढकलते. दोघं शिव्या देतो. झोपतो.

माझंही मनगट दुखतं हल्ली.
तो अंगणात असला की
मी गुपचूप लिंबू रोवते त्या खिळ्यांवर,
कापते, साली वर्तमानपत्रात गुंडाळून टाकते.
खिळे बटाट्याच्या मापाचे, लिंबू डुगडुगतं.

काल फळी काढली तर
कडेला तिसरा खिळा,
आखूड, कानशीनं घासलेला.
तो दारात बसून कोंबड्यांशी बोलत होता.
मी लिंबू रोवलं.
हललं नाही.